दात शिवशिवतात, कोणती पेस्ट घेऊ?

प्रश्न: माझं वय ४३. दोन वर्षांपासून थंड पाणी, आइस्क्रीम, कैरीचं पन्हं यांनी डावीकडच्या वरच्या दातांत सणक जाते. सुळा आणि त्यामागचे दोन दात. गेल्या दीड महिन्यात तीन पेस्ट झाल्या: आधी केमिस्टनं दिलेली, मग जाहिरातीतली, मग अमेरिकेतल्या भाचीनं आणलेली. दहा-पंधरा दिवसांत फरक पडला नाही की बदलते. सकाळी लिंबू-मधाचं कोमट पाणी घेते आणि लगेच ब्रश करते. ब्रश कडकच लागतो, मऊ ब्रशनं दात घासल्यासारखं वाटतच नाही. सासूबाई म्हणतात, मिशरी लाव, दात घट्ट होतील. शिवाय खालच्या उजव्या एका दाढेत गरम चहा प्यायल्यावर दहा-पंधरा मिनिटं ठणका राहतो. या सगळ्यावर चालेल अशी सर्वांत चांगली पेस्ट कोणती? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, ती खालची उजवी दाढ या हिशोबातून आधी बाहेर काढा. तिच्यावर कोणतीच पेस्ट चालणार नाही. शिवशिवणाऱ्या दाताची कळ तीव्र असते, पण थंड पाणी गिळून झालं की काही सेकंदांत निघून जाते. गरम चहानंतर पंधरा मिनिटं राहणारा ठणका म्हणजे दाताच्या आतल्या नसेला सूज आल्याची शक्यता. कारण खोल कीड असेल, जुन्या फिलिंगखाली गळती असेल किंवा दाढेला तडा गेला असेल. त्यासाठी एक्स-रे लागतो. तो याच आठवड्यात काढून घ्या. ठणका अचानक थांबला तरी जा, कारण नस मेली की दुखणं थांबतं आणि मुळाशी पू धरायला सुरुवात होते. वेदनाशामक गोळ्या घेऊन दिवस काढू नका.

आता डावीकडचे वरचे तीन दात. तुम्ही केलेलं वर्णन नेहमीच्या सेन्सिटिव्हिटीशी जुळतं. सुळा आणि त्यामागचे दोन दात जबड्याच्या वळणावर असतात, त्यांच्या मुळांवरचं हाड आणि हिरडी पातळ असते, आणि उजव्या हातानं ब्रश करणाऱ्याचा जोर नेमका तिथे पडतो. आरशासमोर ओठ वर करून बघा. हिरडी शेजारच्या दातांपेक्षा वर सरकलेली दिसेल, आणि उघड्या पडलेल्या भागाचा रंग किंचित पिवळसर असेल. हिरडीलगत, दाताच्या मानेवर, नखाचं टोक वरून खाली हलकेच फिरवा. नख खाचेत अडकलं तर तिथला दात पाचरीसारखा कापला गेला आहे. ही खाच उथळ असेल तर पेस्टनं काम भागतं. नख आत रुतून बसत असेल, तर ती दंतवैद्याकडून भरून घ्यावी लागते. पेस्टनं खड्डा भरत नाही.

दुखतं कशामुळे, हे कळलं की पेस्टची निवड सोपी होते. दातावरचं कठीण कवच म्हणजे एनॅमल; त्याच्या खालच्या थराला डेंटिन म्हणतात आणि त्यात आरपार सूक्ष्म नलिका असतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो, प्रत्येकीचा व्यास एक ते अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्या द्रवानं भरलेल्या असतात. हिरडी सरकून किंवा एनॅमल झिजून त्यांची बाहेरची तोंडं उघडी पडली की थंड, गोड किंवा वारा लागताच आतला द्रव हलतो आणि आतल्या टोकाची नस ओरडते. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी मांडलेला हा सिद्धांत आजही धरून आहे. बारीक नळीतून वाहणारा द्रव तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे नलिकेचं तोंड निम्मं झालं तरी प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून ही तोंडं पूर्ण बंद झाली नाहीत तरी आराम पडतो.

यावरून पेस्टच्या दोन जाती पडतात: नसेला शांत करणाऱ्या आणि नलिका बुजवणाऱ्या. ट्यूबच्या पुढच्या बाजूला 'रॅपिड', 'प्रो', 'रिपेअर' असं काहीही छापलेलं असू द्या, मागच्या बारीक मजकुरात खालच्यापैकी कोणता घटक आहे तेवढं बघायचं.

पहिल्या जातीत पोटॅशियम नायट्रेट, बहुधा ५ टक्के. पोटॅशियम नलिकांतून आत जातं, नसेभोवती साठतं आणि तिला पुन्हा संदेश पाठवण्याच्या स्थितीत येऊ देत नाही. काही पेस्टमध्ये त्याऐवजी ३.७५ टक्के पोटॅशियम क्लोराइड किंवा ५.५ टक्के पोटॅशियम सायट्रेट असतं; तिन्हींत मिळणारं पोटॅशियम सारखंच, सुमारे २ टक्के, म्हणून त्यांच्यात निवड करत बसू नका. पोटॅशियमला नलिकेतून बाहेर ढकलणारा द्रव सतत वाहत असतो, म्हणून ते साठायला वेळ लागतो: किमान दोन आठवडे, सहसा चार, कधी आणखी. तुम्ही दहाव्या-पंधराव्या दिवशी ट्यूब बदलत होतात, म्हणजे फरक जाणवायला लागायच्या सुमारास. पोटॅशियमची पेस्ट थांबवली की काही आठवड्यांत दात पुन्हा शिवशिवतात, कारण नलिका उघड्याच असतात.

हा घटक केमिस्टकडे सहज मिळतो, बराच स्वस्तही असतो. सेन्सोडेंट-के हे त्यातलं जुनं नाव. त्याच नावापुढे 'केएफ' असेल तर त्यात फ्लोराइडही असतं, आणि तुम्हाला ते हवं आहे. मुळाचा उघडा भाग एनॅमलपेक्षा लवकर किडतो.

दुसऱ्या जातीत चार घटक येतात. आर्जिनिन ८ टक्के, सोबत कॅल्शियम कार्बोनेट: आर्जिनिनवर धन विद्युतभार असतो, डेंटिनवर ऋण, त्यामुळे ते चिकटतं आणि कॅल्शियमला घेऊन नलिकेच्या तोंडावर बसतं. दुखऱ्या जागी बोटानं एक मिनिट चोळल्यावर काही जणांना लगेच फरक जाणवतो. लग्नाच्या पंगतीत आइस्क्रीम खायचं आहे आणि चार आठवडे हाताशी नाहीत, अशा वेळी हीच बरी.

कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट, ज्याचं व्यापारी नाव नोव्हामिन. ही मुळात हाडं जोडण्यासाठी शोधलेली काच आहे. फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये ती बनवली. लाळ लागली की तिचे कण कॅल्शियम आणि फॉस्फेट सोडतात आणि दाताच्या खनिजासारखा थर नलिकेवर बसतो. पाणी लागताच क्रिया सुरू होते, म्हणून ही पेस्ट पाण्याविना, ग्लिसरीनमध्ये बनवतात. त्यामुळे ती दाट, थोडी चिकट लागते आणि फेस कमी होतो. फेस कमी म्हणून पेस्ट बनावट समजून परत करणारे गिऱ्हाईक केमिस्टला नवीन नाहीत. टोपण घट्ट लावा आणि ओला ब्रश ट्यूबच्या तोंडाला टेकवू नका. पाणी आत गेलं की कण ट्यूबमध्येच आपलं काम उरकून बसतात. व्हँटेज हे आपल्याकडचं या प्रकारातलं ओळखीचं नाव.

स्टॅनस फ्लोराइड ०.४५४ टक्के: कथिलाचे क्षार नलिकेवर जमतात आणि तो थर आंबट खाण्याला त्यातल्या त्यात चांगला तोंड देतो. हिरड्यांची सूजही कमी करतो. तोटे दोन. धातूसारखी चव, आणि दातांवर तपकिरी डाग. दिवसाला चार-पाच चहा असतील तर डाग लवकर दिसतो; तो वरचा असतो, दात साफ करून घेतले की निघतो.

आणि स्ट्रॉन्शियम क्लोराइड १० टक्के. सेन्सोडाइन १९६१ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यात हेच होतं. ते सोडियम फ्लोराइडबरोबर एका ट्यूबमध्ये नांदत नाही, चव खारट-धातूसारखी, आणि पुराव्याच्या बाबतीत चौघांत सर्वांत कच्चं. आज मुद्दाम शोधून घ्यावं असं त्यात काही नाही.

पुराव्याचं बोलायचं तर पोटॅशियमबद्दलही एकेकाळी शंका होती. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००६ च्या आढाव्यात त्याच्या बाजूनं ठोस पुरावा नसल्याचं म्हटलं होतं. पुढच्या आढाव्यांत पोटॅशियम, स्टॅनस, आर्जिनिन आणि फॉस्फोसिलिकेट या चौघांचा उपयोग दिसतो. एक गोष्ट मात्र या चाचण्यांत सतत आढळते: साधी पेस्ट वापरणाऱ्या गटालाही बराच आराम वाटतो. काही मनाचा भाग, काही नीट ब्रश करू लागल्याचा. म्हणून "अमक्या पेस्टनं मला तीन दिवसांत फरक पडला" हे शेजारणीचं प्रमाणपत्र फार मनावर घेऊ नका.

भाचीच्या ट्यूबबद्दल. एकाच नावाच्या ट्यूबमध्ये देशागणिक वेगळा घटक असतो. सेन्सोडाइन रिपेअर अँड प्रोटेक्ट बऱ्याच देशांत नोव्हामिनची आहे, पण अमेरिकेत त्याच नावाखाली स्टॅनस फ्लोराइड मिळतं. कोलगेट सेन्सिटिव्ह प्रो-रिलीफची मूळ ओळख आर्जिनिनची, तर अमेरिकेत तिच्यात पोटॅशियम नायट्रेट. कंपन्या मधूनमधून घटकही बदलतात. तेव्हा "तिकडची चांगली असते" हे गृहीत धरू नका. तुमच्या घरातल्या तीन ट्यूब आज टेबलावर मांडून मागचा मजकूर वाचा. तिन्हींत पोटॅशियम नायट्रेटच निघालं तरी नवल नाही.

फ्लोराइडचा आकडाही तिथेच सापडेल. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंतच (म्हणजे दहा लाख भागांत १००० भाग) फ्लोराइड चालतं आणि तो आकडा ट्यूबवर छापावा लागतो. 'सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट ०.७ टक्के' एवढंच दिसलं तर त्याचे सुमारे ९२० पीपीएम होतात; ठीक आहे. फॉस्फोसिलिकेटच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड मुळीच नसतं, तेवढं तपासा.

तुम्हाला माझं उत्तर असं: कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट आणि फ्लोराइड दोन्ही असलेली पेस्ट, सकाळी आणि रात्री, सलग चार आठवडे. कारण तुमच्या खाण्यात आंबट रोज आहे, म्हणजे नुसती नस शांत करून उघड्या नलिका तशाच ठेवण्यात अर्थ नाही. आणि चहा असल्यानं स्टॅनसचे डाग नकोत. ती मिळाली नाही किंवा महाग वाटली, तर फ्लोराइडवाली पोटॅशियम नायट्रेट पेस्ट घ्या आणि मुदत सहा आठवडे धरा. खरं सांगायचं तर या दोन पेस्टमधल्या फरकापेक्षा पेस्ट नीट वापरणं आणि कशीही वापरणं यातला फरक मोठा आहे.

नीट म्हणजे असं. ब्रशवर एक ते दीड सेंटिमीटर पेस्ट. जाहिरातीतली लाटेसारखी पट्टी पेस्ट खपवण्यासाठी असते. ब्रश ओला न करता सुरुवात करा आणि आधी ते तीन दात घ्या, तेव्हा पेस्ट पातळ झालेली नसते. दोन मिनिटं. मग थुंका आणि तिथेच थांबा. चूळ भरायची नाही. आपल्याकडे तोंड खळखळून धुतल्याशिवाय दात घासल्याचं समाधान होत नाही, पण त्या तीन-चार चुळांबरोबर पोटॅशियम, फ्लोराइड, कण सगळं बेसिनमध्ये जातं. अगदीच राहवलं नाही तर एक छोटा घोट, एकदाच. नंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. रात्रीच्या ब्रशनंतर वाटाण्याएवढी पेस्ट स्वच्छ बोटावर घेऊन त्या तीन दातांच्या मानेवर मिनिटभर चोळा, थुंका, झोपा. रात्री लाळ कमी सुटते, म्हणून हा थर टिकतो.

माऊथवॉश वापरत असाल तर तो ब्रशनंतर लगेच नको, दुपारच्या जेवणानंतर वापरा. तोंडात वारंवार छाले येत असतील तर मागच्या मजकुरात सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा घटक आहे का बघा आणि नसलेली घ्या.

आता लिंबूपाणी. अडचणीचं मूळ बहुधा इथेच आहे. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. एनॅमल साधारण ५.५ पीएचखाली विरघळू लागतं, डेंटिन त्याहूनही आधी. लिंबाचा रस २ ते २.५ पीएचचा असतो. म्हणजे सकाळी उठल्या उठल्या, लाळ कमी असताना, तुम्ही दात आम्लानं मऊ करता आणि त्याच मिनिटाला कडक ब्रशनं मऊ झालेला थर खरवडता. आदल्या रात्री बुजवलेल्या नलिका सकाळी उघडतात. पावसाळ्यात मुरूम टाकून बुजवलेल्या खड्ड्याचं जे होतं तेच. क्रम उलटा करा: उठल्यावर आधी ब्रश, अर्ध्या तासानं लिंबूपाणी, तेही स्ट्रॉनं आणि एका दमात, घोट-घोट चघळत नाही. नंतर साध्या पाण्याची चूळ भरा. इथे चूळ चालते. पन्हं, कोकम सरबत, चिंचेची चटणी, कोल्ड्रिंक यांनाही हेच लागू. त्यांच्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर ब्रश नको. सोडायला काहीच सांगत नाही, फक्त दिवसभर थोडं थोडं पीत राहणं टाळा आणि जेवणासोबत उरका. आम्लपित्तानं घशाशी आंबट येत असेल किंवा उलट्या होत असतील, तर तेही आम्लच, आणि त्यावर पोटाचा इलाज आधी करावा लागतो.

ब्रश मऊ घ्या, पाकिटावर 'सॉफ्ट' किंवा 'अल्ट्रा सॉफ्ट'. मऊ ब्रशनं दात घासल्यासारखं वाटत नाही, कारण आपल्याला खरखर ऐकायची सवय असते. कीटण काढायला जोर लागत नाही, कोन लागतो: केस हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवून जागच्या जागी थरथरवल्यासारखे हलवायचे आणि मग दाताच्या टोकाकडे ओढायचे. आडवं घासणं बंद. मुठीत ब्रश धरण्याऐवजी पेन धरतो तसा तीन बोटांत धरला की जोर आपोआप निम्मा होतो. दोन आठवड्यांत ब्रशचे केस फाकत असतील तर जोर अजून जास्त आहे. कोळशाची पेस्ट, दात पांढरे करणारी पेस्ट, गेरूचं लाल मंजन, राखुंडी, मीठ या चार आठवड्यांत तरी घरात दिसू नयेत.

सासूबाईंच्या मिशरीबद्दल स्पष्ट सांगते. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती चोळल्यावर बधिर वाटतं म्हणून दात घट्ट झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात दाताची मान झिजते, हिरडी सरकते, निकोटिनची सवय लागते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. सासूबाईंचं मन मोडायचं नसेल तर दंतवैद्याकडे जाताना त्यांनाही सोबत न्या. वर्षानुवर्षं मिशरी लावणाऱ्यांच्या तोंडाची तपासणी तशीही व्हायलाच हवी. लवंगेचं तेलही नको. ते घटकाभर बधिर करतं, नलिका बुजवत नाही, आणि थेट हिरडीवर लागलं तर भाजतं.

फरक पडतोय की नाही हे आठवणीवर सोडू नका. आज एका वाटीत बर्फाचं पाणी घ्या, त्यात कान साफ करायची कापसाची काडी बुडवा आणि त्या तीन दातांच्या मानेला एकेक करून टेकवा. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्या आणि कॅलेंडरवर लिहा. चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी हेच करा, त्याच वेळी. सहाचे तीन झाले तर पेस्ट काम करते आहे; ती तशीच चालू ठेवा आणि पुढे दिवसातून एकदा तरी वापरा. गुण खाली येत नसतील, किंवा तिघांपैकी एकच दात वेगळा हट्टी राहिला, तर तो दात तपासून घ्या. चावून सोडताना कळ येत असेल तर तडा. सगळ्या दातांत पसरलेली शिवशिव आणि सकाळी जबडा आखडलेला असेल तर झोपेत दात खाण्याची सवय. त्याला रात्री घालायची पट्टी लागते. नुकतेच दात साफ करून किंवा पांढरे करून घेतले असतील, तर एक-दोन आठवडे शिवशिव राहणं साहजिक आहे.

दवाखान्यात पहिला उपाय सहसा फ्लोराइड वार्निश असतो. ५ टक्के सोडियम फ्लोराइड, म्हणजे २२,६०० पीपीएम. पेस्टच्या वीसपटीहून जास्त, म्हणून ते घरी लावायचं नसतं. काही मिनिटांत लावून होतं, त्या दिवशी दात पिवळट दिसतात आणि रात्रीपर्यंत कडक, गरम खाणं टाळायला सांगतात. त्यानं भागलं नाही तर नलिकांतला द्रव गोठवणारं औषध, खाच असेल तर ती दाताच्या रंगाच्या मसाल्यानं भरणं, हिरडी फार सरकली असेल तर तोंडातल्या टाळूची त्वचा घेऊन उघडा भाग झाकणं, असे टप्पे आहेत. साध्या शिवशिवीसाठी थेट रूट कॅनाल सुचवलं गेलं, तर आधीचे टप्पे का वगळले ते विचारा आणि पटलं नाही तर दुसरा सल्ला घ्या. उजव्या दाढेचं मात्र वेगळं. तिथे एक-दोन आठवड्यांचा उशीरही फिलिंगचं काम रूट कॅनालवर नेऊ शकतो, तेव्हा फोन आधी तिच्यासाठी करा.